घरातली वंशावळ खरी किती? नाशिकमध्ये तपासायला सुरुवात कुठून करायची

नाशिक जिल्ह्यात ज्या घरी जावं त्या घरी एक तरी वंशावळ निघते. कुठे जुन्या वहीच्या मागच्या पानावर, कुठे लॅमिनेट करून भिंतीवर टांगलेली, आणि आता बऱ्याच ठिकाणी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी पीडीएफ. खालच्या तीन-चार पिढ्या साध्यासुध्या असतात, शेती करणारी, बाजारहाट करणारी माणसं. शेंड्याकडे गेलं की मात्र एकदम पेशव्यांचा सरदार, पानिपतावर पडलेला वीर, नाहीतर राजपुतान्यातून निघालेले तीन भाऊ भेटतात. एक भाऊ इथे राहिला, एक खानदेशात गेला, एक वऱ्हाडात. हे भाऊ नेहमी तीनच का असतात, देव जाणे.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि गावोगाव लोक जुने कागद काढून बसले. त्यातून पुष्कळ नव्या वंशावळी तयार झाल्या. काही चोख आहेत, काहींमध्ये मधल्या दोन-तीन पिढ्या अंदाजाने भरलेल्या आहेत. हा लेख ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. मोडी लिपी येत नसली आणि कचेरीत ओळखीचं कुणी नसलं तरी यातलं निम्मं काम करता येतं.

एक प्रश्न मात्र प्रत्येक कागदाला विचारायचा: हा कुणी लिहिला आणि कशासाठी लिहिला? वारसनोंदीचा फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) लिहिणाऱ्या तलाठ्याला तुमच्या घराण्याच्या मोठेपणाशी काही देणंघेणं नव्हतं. अमुक मयत झाला, जमिनीवर कुणाची नावं लावायची, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून त्याने लिहिलेला बाप-लेकाचा संबंध भरवशाचा. उलट पाटीलकीच्या तंट्यात एखाद्या पक्षाने लिहून दिलेला करिना, म्हणजे आपल्या घराण्याची हकीकत, शंभर पिढ्यांचा असला तरी तो वकिली कागद आहे, तो लिहिणाऱ्याला वतन हवं होतं.

आधी हिशेब, मग कचेरी

पहिली तपासणी घरी बसून होते. वंशावळीतली नावं मोजा आणि वर्षं मांडा. एका पिढीला सरासरी २५ ते ३० वर्षं धरा. समजा, तुमचा जन्म १९७५ चा आणि शेंड्यावरचे पूर्वज पानिपतावर, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी पडले असा दावा आहे. त्या वेळी ते तिशीत होते असं धरलं तर त्यांचा जन्म १७३१ च्या आसपासचा. मध्ये २४४ वर्षं. म्हणजे तुमच्यासकट नऊ ते अकरा नावं हवीत. पीडीएफमध्ये सहाच असतील तर प्रत्येक बापाला जवळजवळ पन्नाशीत मुलगा झाला असं मानावं लागेल. एखाद्या पिढीत तसं होतं, ओळीने पाच वेळा होत नाही. मग एक तर मधली नावं गळाली आहेत किंवा वरचा माणूस नंतर जोडला आहे.

याचा उलटा प्रकारही असतो. दीडशे वर्षांत बारा पिढ्या बसवलेल्या असतात. बहुधा भावांची नावं एकाखाली एक लिहिल्याने तसं होतं: तीन भाऊ म्हणजे तीन पिढ्या!

हे झालं की त्या वंशावळीच्या जेवढ्या प्रती भावकीत आहेत त्या गोळा करा आणि त्यांतल्या चुका जुळवा. तिन्ही प्रतींत एकाच जागी एकच चुकीचं नाव असेल तर त्या तीन साक्षी नाहीत, एकाच कागदाची तीन उतरणं आहेत. "सगळ्यांकडे हेच लिहिलंय" हा पुरावा म्हणून सांगितला जातो, पण त्याला काही वजन नाही.

खालून वर चढायचं

नवखी मंडळी इथेच घसरतात. त्यांना थेट सरदाराला गाठायचं असतं, म्हणून ते इतिहासाच्या पुस्तकात आपलं आडनाव शोधतात, ते सापडतं, आणि मग त्याला खालपर्यंत दोरी बांधायची खटपट सुरू होते. तसं करू नका. स्वतःपासून सुरुवात करा, वडील, आजोबा, पणजोबा असं एकेक पायरी वर जा. हातातली पायरी कागदाने पक्की झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही.

अलीकडच्या दोन पिढ्या जन्म-मृत्यूचे दाखले आणि शाळेच्या जनरल रजिस्टरवरून निघतात. शाळेचा उतारा मागताना वडिलांबरोबर त्यांच्या भावंडांचाही मागा. जन्मतारखेवर फार विसंबू नका. जुन्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो तो गुरुजींच्या कृपेने. बापाचं नाव, गाव आणि जात यांची नोंद मात्र तिथे सहसा नीट असते.

त्याच्या मागे जायचं तर गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. या वह्या बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. मूल जन्मलं तर बापाचं नाव असतं, मुलाचं नाव असेलच असं नाही, कारण नोंद बारशाच्या आधी होत असे. इथे एक अडचण येते. तालुके बदलले आहेत. त्र्यंबकेश्वर आणि देवळा हे तालुके १९९९ साली झाले, तेव्हा त्यांतल्या गावांचे जुने कागद जुन्या तालुक्याच्या नावाने शोधावे लागतात. आणखी मागे, १८६९ पूर्वी नाशिक हा स्वतंत्र जिल्हाच नव्हता. त्याचे भाग नगर आणि खानदेशात होते. त्याआधीच्या कागदांत तर शहराचं नाव गुलशनाबाद असंही सापडतं. गाव सापडत नाही म्हणून दावा खोटा ठरवण्याआधी तेव्हा ते गाव कुठल्या परगण्यात, कुठल्या तालुक्यात होतं ते बघा. १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये जुने उपविभाग आणि मोठ्या गावांची माहिती आहे, ते चाळायला हवंच.

फेरफारात बसा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर गावोगाव फेरफार नोंदवह्या सुरू होत गेल्या. एखाद्या खातेदाराच्या मृत्यूनंतरची वारसनोंद ही वंशावळीची सगळ्यात भक्कम कडी असते, कारण तिच्यात मयताचं नाव, वारसांची नावं, नाती आणि कधी कधी वयंही एकाच जागी येतात, आणि हरकत घ्यायला भाऊबंद समोर टपलेले असतात.

आजच्या सातबाऱ्यावर कंसातले किंवा वर्तुळातले फेरफार क्रमांक दिसतात. त्यांतला सगळ्यात जुना क्रमांक घ्या, त्याची नक्कल काढा, तिथून आधीचा क्रमांक मिळतो, मग त्याची नक्कल. असं मागे मागे जात राहायचं. नाशिक जिल्ह्यातले स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर शोधता येतात. तिथे न मिळालेलं तहसीलला अर्ज करून मिळवायचं. सातबाऱ्याच्या आधीचं कडईपत्रक, शेतवार पत्रक, खासरा पत्रक हे शब्द अर्जात लिहा. नुसतं "जुनं रेकॉर्ड द्या" म्हटलं तर हात हलवत परत यावं लागेल. मोजणीचे टिपण आणि आकारफोड भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे असतात, शहरातल्या घराची सिटी सर्व्हेची जुनी नोंदही तिथेच.

काही खुणा वाचता यायला हव्यात. "खंडू बिन तुकाराम" म्हणजे तुकारामाचा मुलगा खंडू. कुठे कुठे तिथे "वलद" येतं. "भागी कोम खंडू" म्हणजे खंडूची बायको भागी. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, तेव्हा त्या नावाचा माणूस त्या वर्षी अल्पवयीन होता, वयाचा अंदाज आयताच मिळाला. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. इथे पुष्कळ जण फसतात. एकट्या थोरल्याचं नाव लागलं म्हणून बाकीचे भाऊ नव्हते असं होत नाही. आणि इतर हक्कात कुळ म्हणून लागलेलं नाव मालकाच्या वंशातलं समजू नका. १९४८ च्या कूळकायद्यानंतर अशी बरीच नावं पुढे मालक झाली, पण त्यांचं मूळ घराणं वेगळं.

नाव तेच, माणूस दुसरा

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे तुकारामाचा खंडू, खंडूचा तुकाराम, तुकारामाचा पुन्हा खंडू अशी साखळी लागते. १८६० च्या कागदातला "खंडू बिन तुकाराम" आणि १९२० च्या फेरफारातला "खंडू तुकाराम" हा एकच माणूस समजला की मधल्या दोन पिढ्या गडप. प्रत्येक नावासमोर तो कुठल्या वर्षी जिवंत होता, कुठल्या वर्षी मयत आहे, बायको कोण, भाऊ कोण आणि सर्व्हे किंवा गट नंबर कुठला हे लिहीत गेलं की ही गफलत लगेच उघडी पडते. बायकोचं नाव तर सोन्यासारखं जपा. खंडू दहा सापडतील, भागीचा नवरा खंडू एखादाच.

आडनावाचं उलटं. पाटील, देशमुख, कुलकर्णी, चौधरी ही मुळात कामं. दोन गावांतले दोन पाटील एका रक्ताचे असतीलच असं नाही, आणि सख्ख्या भावांच्या दोन शाखा दोन आडनावं लावत असतील. विंचूर, ओढा, निफाड अशा गावांवरून पडलेली आडनावंही तशीच. एका गावातून बाहेर पडलेली चार वेगळ्या जातींची चार घरं चार ठिकाणी तेच आडनाव लावू शकतात. जुन्या महसुली कागदांत तर पुष्कळदा आडनावच नसतं. गोत्र, देवक, कुलदैवत जुळलं की लोक हुरळून जातात. त्याने शोधाची दिशा मिळते, नातं सिद्ध होत नाही.

दत्तक तपासायला विसरू नका. सरदार घराण्यांत तर ते फार. वंशावळीत सरळ रेघ असते आणि फेरफारात "दत्तकपुत्र" असं लिहिलेलं असतं. अशा वेळी दोन्ही लिहायचं: जन्माचा बाप आणि दत्तक घेणारा.

रामकुंडावरची वही

नाशिककरांच्या हाताशी असलेलं आणि बाहेरच्या लोकांना हेवा वाटावा असं साधन म्हणजे पंचवटीतल्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी. यात्रेला, अस्थी विसर्जनाला, सिंहस्थाला आलेल्या यजमानाने आपलं गाव, कूळ, बाप-आजोबा, भाऊ, मुलं लिहून सही करायची ही जुनी चाल. गावावरून आणि आडनावावरून उपाध्याय ठरलेले असतात. रामकुंडावर कुणालाही "अमुक तालुक्यातलं अमुक गाव कुणाकडे?" असं विचारा, बोट दाखवणारा मिळतो. नाही मिळाला तर गंगा गोदावरी पंचकोटी पुरोहित संघाकडे चौकशी करा. पितृपक्षात, श्रावणी सोमवारी आणि पर्वकाळात जाऊ नका. गुरुजींना श्वास घ्यायला वेळ नसतो. साध्या दिवशी दुपारनंतर जा, आधी फोन करा, दक्षिणा ठेवा, आणि परवानगी विचारल्याशिवाय पानाचा फोटो काढू नका. त्या वह्या त्यांच्या उपजीविकेचा आधार आहेत, सरकारी दप्तर नाही.

आता या नोंदीचं वजन किती? पूर्वजाने स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख असेल तर फार मोठं. तो त्या दिवशी जिवंत होता, त्याच्याबरोबर कोण होतं, त्याला किती पिढ्या तोंडपाठ होत्या हे कळतं. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, म्हणून बाप, आजा, पणजा इथवर नोंद चांगली असते. त्यावरची नावं ऐकीव. दुसरं, जीर्ण झालेल्या वह्या पुढच्या पिढीने नव्या चोपड्यात उतरवून घेतलेल्या असतात. मूळ लेख आणि उतारा यांत फरक करा, गुरुजींना सरळ विचारा, "हे हस्ताक्षर यजमानाचं की उतरून घेतलेलं?" मूळ लेखात तिथी आणि शक असतो, अक्षर पानापानाला बदलतं. उताऱ्यात एकाच हाताचं अक्षर आणि एकच शाई ओळीने दिसते. आणि गेल्या काही वर्षांत भावकीतल्या कुणीतरी पीडीएफवरून सांगितलेली नावं तिथे चढवली असतील, तर तुमचा जुना दावाच नवं रूप घेऊन समोर येतो. म्हणून नोंदीची तारीख आधी बघायची, नावं नंतर.

मोठ्या नोंदी सिंहस्थाच्या वर्षांत जास्त असतात. २०१५, २००३ असं बारा-बारा वर्षांनी मागे मोजत जा, पण नेमकं धरून बसू नका. गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षांहून थोडा कमी वेळ लागतो, त्यामुळे मागे जाताना मध्येच एखादं अंतर अकरा वर्षांचं पडतं.

घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणाऱ्या भाटांच्या वह्यांचं काय? बघाव्यात, पण भाटाला बिदागी यजमान देतो, हे ध्यानात ठेवून बघाव्यात.

सनद हाती आली तर

पेटाऱ्यातून मोडी कागद निघाला की घरात दसरा-दिवाळी एकदम येते. थांबा. आधी मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, जमल्यास दोघांकडून वेगवेगळं. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे माणसांची आणि गावांची नावं चुकीची वाचली जातात. ज्याला तुमचा दावा माहीत आहे त्याला तेच नाव दिसू लागतं, म्हणून दुसऱ्या वाचकाला दावा सांगूच नका.

मग कालगणना पडताळा. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी ते चैत्रापर्यंतच्या दिवसांसाठी ७९. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी अंकशब्दांत असतो. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. हा सन मृगाच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा डिसेंबरपर्यंत ५९९ आणि नंतर ६०० मिळवा: १७६०-६१. शकाबरोबर संवत्सराचं नाव असेल तर आणखी सोपं. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभवपासून मोजलेला. शके १६८२ मध्ये १२ मिळवले की १६९४, ६० ने भागून बाकी १४, चौदावा संवत्सर विक्रम. कागदावर दुसरंच नाव असेल तर उतरवणारा चुकला आहे किंवा कागदच नंतरचा आहे.

तारीख बसली की माणसं बसतात का ते बघा. शाहू छत्रपतींचं निधन १५ डिसेंबर १७४९ चं. त्यानंतरची, पण साताऱ्याचे दुसरे शाहू १७७७ साली गादीवर येण्याआधीच्या तारखेची सनद शाहूंच्या नावाच्या शिक्क्याने दिलेली असेल तर तिच्यावर मोठं प्रश्नचिन्ह लावा. सनद कुणाला दिली आहे, कुठल्या गावाची आहे, शेवटी मोर्तब (समाप्तीचा शिक्का) आहे का, हेही बघा. बनावट कागद हा आजचा उद्योग नाही. वतनाच्या भांडणांत पेशवाईतही ते सर्रास होत, म्हणून जुनं दिसतं तेवढ्याने खरं ठरत नाही.

कागद खरा निघाला तरी त्यातला माणूस तुमचा पूर्वज आहे, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. सनद तुमच्या पेटाऱ्यात सापडली याचा अर्थ घरात कुणी कारकून होता, किंवा ती गहाण आली होती, असाही निघू शकतो. आणि घरच्या सांगण्यात माणसाला बढती मिळत जाते: सरकारी घोड्यावरचा बारगीर दोन पिढ्यांनी स्वतःच्या घोड्याचा शिलेदार होतो, आणखी दोन पिढ्यांनी सरदार. माझ्या मते खऱ्या बारगिराचा पुरावा मिळाला तर तो खोट्या सरदारापेक्षा किती तरी मोलाचा.

इनाम-वतनाचा दावा असेल तर एक फार चांगली चाळणी आहे. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसवून इनामदारांना सनदा दाखवायला लावल्या, नंतर १८६३ च्या कायद्यांनी हिशेब मिटवले. वतनं १८७४ च्या वतन कायद्याखाली नोंदली गेली. परगणे व कुलकर्णी वतनं १९५१ पर्यंत, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपेपर्यंत चालू होती. म्हणजे खरोखरची पाटीलकी किंवा देशमुखी शंभर वर्षं सरकारी कागदांत कुठेतरी उमटायलाच हवी. तिथे काहीच नाही आणि दावा मात्र पिढीजात पाटीलकीचा, तर दावा फार लंगडा आहे. हे कागद जिल्ह्याच्या अभिलेखात आणि पुण्याच्या पुरालेखागारात शोधायचे. पेशवे दप्तरही पुण्यालाच. तिथे जाण्याआधी गो. स. सरदेसाईंनी संपादलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड एखाद्या ग्रंथालयात बसून चाळा, त्यांच्या सूचींत गाव आणि नाव शोधा, म्हणजे पुण्याला नेमका कागद मागता येईल. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ खानदेश-बागलाणकडच्या लोकांना जवळ पडतं.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी रस्ता थोडा वेगळा: नाशिकजवळच्या शरणपूरला १८५४ साली मिशनची वसाहत झाली, तेव्हा बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या चर्च नोंदवह्यांकडे आधी वळा.

निकाल लिहायचा कसा

प्रत्येक बाप-लेकाच्या जोडीसमोर आधार लिहा: फेरफार क्रमांक, वर्ष, गाव, किंवा वही कुणाकडची आणि नोंदीची तिथी. कागद असलेली जोडी सलग रेघेने, नुसती ऐकीव जोडी तुटक रेघेने जोडा. वरचे सरदार पुसून टाकू नका. वेगळ्या चौकटीत "घरातली समजूत, आधार मिळालेला नाही" असं लिहून कुणी सांगितलं ते नाव टाका. भावकीतले थोरले काका रागावतात ते नाव खोडल्यावर. तुटक रेघेवर ते सहसा एवढंच म्हणतात की नीट शोध, सापडेल.

जात पडताळणीसाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचं असेल तर त्यात फक्त सलग रेघेवाली नावं घाला. चुकीचं शपथेवर लिहिणं गुन्हा आहे, आणि दक्षता पथक गावात येऊन पहिल्यांदा विचारतं ते नेमकं त्या भाऊबंदाला, ज्याच्याशी तुमचं बांधावरून पटत नाही.